निम्मा दोष

मंगळवारी सकाळी पाव कापता कापता आनेग्रेटने विमा कंपनीचं पाकीट फोडलं, उभ्याउभ्याच पत्र वाचलं आणि सुरी बाजूला ठेवून म्हणाली, "चला, सुटलो एकदाचे." फोल्कमार दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घालत होता. तिने त्याला दोन ओळी वाचून दाखवल्या. दोन्ही पक्षांना मान्य अशी तडजोड झाली असून हे प्रकरण बंद करण्यात येत आहे. मृत दुचाकीस्वाराचा स्वतःचा दोष निम्मा धरण्यात आला आहे. त्यापुढे हप्ता किती वाढणार ते होतं. ते तिने मनातल्या मनात वाचलं आणि फार नाही, अशी मान हलवली. मग पत्राला भोकं पाडून ते निळ्या फाइलीत लावलं, फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर सुट्टीतल्या फोटोंशेजारी सरकवली आणि पुन्हा पाव कापायला लागली. फोल्कमारच्या एका बुटाची नाडी बांधून झाली होती. दुसरीची दोन टोकं हातात धरून तो तसाच बसून राहिला. जो माणूस दोन वर्षांपूर्वी मेला, ज्याला आता हो किंवा नाही म्हणता येत नव्हतं, त्याच्या अंगावर कुणीतरी शांतपणे, तारीख घालून, निम्मा दोष ठेवला होता. आणि तो तिथे ठेवता यावा म्हणून लागणारी जागा फोल्कमारने स्वतः करून दिली होती. "उशीर होतोय तुला," आनेग्रेट म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता. दोन वर्षांत इतका हलका आवाज त्याने ऐकला नव्हता, म्हणून त्याने दुसरी नाडी बांधली आणि निघाला.

निप्पेस भागातल्या त्याच्या दुकानापर्यंत वीस मिनिटांची चाल होती. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, कोलोन शहरावर ओल्या लोकरीसारखं आभाळ होतं, फुटपाथवर चिनारांची पानं चिकटून बसली होती. चालताना पायाखाली ती सरकली की तो थांबून खाली पाही. हे पूर्वी नव्हतं. पूर्वी तो चालताना काहीच पाहत नसे, ऐकत असे. सायकलच्या साखळीवरून ती किती कोरडी आहे ते सांगे, कुणाच्या खोकल्यावरून त्याचं वय सांगे, आणि आनेग्रेट हसे. ऐकणं हा त्याचा धंदाच होता. बावीस वर्षं तो कानाची यंत्रं विकत होता, माणसांना छोट्या बंद खोलीत बसवून, त्यांच्या डोक्याला हेडफोन लावून, बारीकबारीक आवाज सोडून कुणाला काय ऐकू येतं आणि काय नाही याचे आलेख काढत होता. आणि निळ्या फाइलीतल्या दुसऱ्या कागदावर त्याच्याच सहीखाली लिहिलेलं होतं की गाडीत बिघाड झाल्याचा कोणताही आवाज त्याला आला नाही.

झालं होतं ते इतकंच. एकोणपन्नासाव्या वाढदिवसाला आनेग्रेटच्या भावाने, हायोने, त्याला आयफेलच्या डोंगरातल्या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या एका फेरीचं तिकीट दिलं होतं. शर्यती नसतील त्या दिवशी तो ट्रॅक सगळ्यांना खुला असतो. फाटकावर तिकीट दाखवायचं आणि आपली रोजची गाडी घेऊन आत शिरायचं. वीस किलोमीटर जंगल, सत्तरेक वळणं, एकाच दिशेने. कायद्याच्या लेखी ती शर्यत नसते, टोल भरून जायचा साधा रस्ता असतो, बाहेरचेच नियम तिथेही लागू असतात, म्हणून दुसऱ्याचं नुकसान झालं तर विमा चालतो. हे सगळं हायोने जाताना समजावून सांगितलं होतं. हायो गाडी चालवायला शिकवायचा, त्याची स्वतःची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती, नियम त्याला पाठ होते. गाडीतून काही गळतंय असं वाटलं तर लगेच बाजूला घ्यायची, उतरून कठड्यापलीकडे जायचं, फोन करायचा, एक मीटरही पुढे जायचं नाही. हेही त्यानेच सांगितलं होतं, हसत हसत, सॅंडविच खाता खाता. फेरीच्या पंधराव्या किलोमीटरला, उतारावर, फोल्कमारच्या जुन्या करड्या गाडीतला रेडिएटरचा रबरी पाइप फुटला. इंजिन थंड ठेवणारं ते तेलकट पाणी ट्रॅकवर सांडत गेलं, आणि मागून येणारा एक मोटरसायकलवाला त्यावरून घसरून कठड्यावर आदळला. टिल्मान नोल्डेन, वय एकतीस, तिथून तीन डोंगर पलीकडच्या ओबरशाइड गावचा. फोल्कमार फेरी संपवून ट्रॅकबाहेर आला तेव्हा गाडीतून वाफ निघत होती. ट्रॅकवर लाल दिवे लागले, सगळ्यांना थांबवलं. तो आणि हायो कठड्याला टेकून बटाट्याच्या फोडी खात उभे राहिले. अर्ध्या तासाने पोलीस ओल्या रेघेमागे चालत चालत त्यांच्या गाडीपाशी आले.

दुकानात सकाळी एक निवृत्त ट्रामचालक आला. काचेच्या पलीकडे, खोलीत, हातात बटण धरून तो आज्ञाधारकपणे बसला आणि आवाज नसतानाही बटण दाबत राहिला. असे पुष्कळ येत. ऐकू येत नाही हे कबूल करायची माणसांना लाज वाटते, ती अंदाजाने दाबतात, परीक्षेला बसल्यासारखी. बावीस वर्षांत फोल्कमारने हजारो खोटी बटणं पाहिली होती, आणि सगळी एकाच दिशेची. ऐकू आलेलं असून आलं नाही म्हणणारा माणूस त्याला एकच भेटला होता. गेल्या हिवाळ्यात एकदा दुकान बंद झाल्यावर तो स्वतः त्या खोलीत जाऊन बसला होता. यंत्राला आपोआप आवाज सोडायला लावून, डोळे मिटून, प्रामाणिकपणे बटण दाबत. त्याला आशा होती की वरच्या पट्टीत, जिथे वाफेची शीळ असते तिथे, त्याच्या कानात एखादा खड्डा निघेल. पन्नाशीच्या माणसाला असा खड्डा असायला हरकत नसते. निघाला असता तर तो कागद खरा ठरला असता. पण आलेख सरळ आला, तरुण माणसाचा यावा तसा. त्याने तो फाडून खिशात घातला आणि रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकला.

कारण आवाज झाला होता. आधी एक बसका ठोका, जाड कापडात गुंडाळलेली वस्तू पडावी तसा, आणि मग बारीक शीळ. पाठोपाठ गोडसर वास. हायो काहीतरी सांगत होता, त्याच्या शाळेत आलेल्या एका बाईने गिअरच्या दांड्याला पर्स अडकवली होती त्याची गोष्ट, आणि ठोका पडला तेव्हा तो वाक्याच्या मध्येच थांबला. एक सेकंद. त्या सेकंदात फोल्कमारने खाली पाहिलं होतं, आणि हायोचा उजवा पाय त्याच्या बाजूच्या पायपुसण्यावर जोरात दाबलेला त्याला दिसला होता. शाळेच्या गाडीत तिथे दुसरा ब्रेक असतो. इथे नव्हता. मग पाय सैल पडला, हायोने पर्सची गोष्ट पुढे चालू केली, आणि फोल्कमारने गाडी पुढे नेली. पाच किलोमीटर. का, याची कारणं त्याने दोन वर्षं पुन्हापुन्हा मांडली होती. कठड्याशी उभे असलेले बघे हसतील. गाडी ओढून नेण्याचं बिल येईल. आवाज दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा असेल. सगळी कारणं खरी होती आणि एकही पुरेसं नव्हतं. त्यांच्यामागे आणखी काहीतरी होतं. तो त्याच्या जवळ जाई, शीळ आठवे, वास आठवे, स्टिअरिंगवरचे आपले हात आठवत, मग नजर वर आरशाकडे जाई, आणि तिथून तो परत फिरे. झोपेतसुद्धा आरशापाशी आला की त्याला जाग येई.

दुपारी तो हायोकडे गेला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, टेबलावर एका विद्यार्थ्याची सोडवलेली प्रश्नपत्रिका. हायो ती तपासत होता. पत्राची बातमी त्याला आनेग्रेटने सकाळीच फोनवर दिली होती, त्यामुळे त्याने कपाटातून दोन ग्लास काढून ठेवले होते. फोल्कमार बसला नाही. त्या पोराच्या माथी निम्मा दोष मारला आहे, असं तो म्हणाला. हायोने लाल पेनाचं टोपण लावलं.

"मेहुणे, ते वेगाचं गणित असतं," तो म्हणाला. "मागून येणाऱ्याने दिसेल तेवढ्यात थांबता येईल असंच चालवायचं. मी रोज हेच शिकवतो. पोरगा थांबू शकला नाही. त्यात तुझं काय?"

"त्यांनी धरलंय की मला काही कळलंच नाही. कळलं असतं तर गणित वेगळं झालं असतं."

"मग? तुला नव्हतंच कळलं."

"तुझा पाय, हायो."

हायोने त्याच्याकडे पाहिलं. नंतर कितीतरी दिवस फोल्कमारला ती नजर आठवत राहिली, कारण तिच्यात राग नव्हता, हिशेबही नव्हता. गाडी शिकताना पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यावर आलेल्या माणसाची असते तशी ती होती. "माझा परवाना जाईल," तो हळू आवाजात म्हणाला. "मी शिकवणारा माणूस. शेजारी बसून मी तुला थांबवलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना थांबायला शिकवतोय." थोड्या वेळाने त्याने दोन्ही ग्लास परत कपाटात ठेवले. "मला जे ऐकू आलं ते मी लिहून दिलंय. तूही दिलंयस. आता घरी जा, आनेग्रेट खुशीत आहे आज."

आनेग्रेट खरोखरच खुशीत होती. तिने मेणबत्ती लावली होती, बदक भाजायला टाकलं होतं, आणि जेवताना पुढच्या उन्हाळ्यात कुठे जायचं ते बोलत होती. फोल्कमार खात राहिला. ती आनंदात असली की आवाजाच्या शेवटी एक लहानसा चढ येई. लग्नाच्या आधी तो याच चढाच्या प्रेमात पडला होता, आणि तो गेल्या दोन वर्षांत कुठे गेला होता हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. तिला काय माहीत होतं हेही विचारलं नव्हतं. अपघाताच्या दिवशी तो घरी आला तेव्हा तिने त्याचे कपडे धुवायला टाकले होते आणि म्हणाली होती, काहीतरी गोड वास येतोय याला. बस, एवढंच. मग मशीन चालू केलं होतं.

बुधवारी त्याने विमा कंपनीत फोन केला. त्याचं प्रकरण बोलिंगहाउस नावाच्या बाईंकडे होतं. त्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून त्या साठीच्या आसपासच्या असाव्यात आणि आधी सिगारेट ओढत असाव्यात, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने विचारलं की एखाद्या विमाधारकाला आपला जुना जबाब बदलायचा असेल तर काय होतं. पलीकडे खुर्ची करकरली.

"ड्रेसेनसाहेब, हा प्रश्न आहे का निवेदन आहे?" बोलिंगहाउसबाई म्हणाल्या. "निवेदन असेल तर मला लिहून घ्यावं लागेल, आणि लिहिलं की ते माझ्या हातात राहत नाही. प्रश्न असेल तर उत्तर देते."

प्रश्न आहे, असं तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता आपलाच तिरस्कार वाटला त्याला. त्यांनी नीट उत्तर दिलं. प्रकरण पुन्हा उघडेल. कंपनी त्याच्याकडून काही वसूल करेल, तो भाग मोठा नसेल. मोठा भाग सरकारी वकिलांचा. बिघाड कळूनही चालवत राहिला आणि माणूस गेला, याला कायद्यात वेगळं नाव आहे. मयताच्या बाजूने पाहायचं तर त्याच्यावर ठेवलेला दोष जवळजवळ सगळा उतरेल. तीस वर्षं त्या या खुर्चीत होत्या, असं त्या म्हणाल्या, आणि असा प्रश्न विचारणारे वर्षाला दोन-तीन तरी असतात, पण निवेदन करायला पुन्हा फोन केलेला एकही त्यांना आठवत नव्हता. त्यांनी हे दुखवायला सांगितलं नव्हतं. हवामान सांगावं तसं सांगितलं होतं.

शनिवारी, दुकान अर्धा दिवस असतं म्हणून, तो दुपारी थेट आयफेलकडे निघाला. आनेग्रेटला त्याने सांगितलं की एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं यंत्र बसवायला जातोय. वाटेत धुकं होतं, शेतं नांगरून पडली होती, प्रत्येक गावाच्या टोकाला एक स्लेटच्या दगडी कौलांचं चर्च अंधारलेलं उभं होतं. त्या वर्षीचा ट्रॅक खुला असण्याचा तो शेवटचा शनिवार होता. ओबरशाइडमध्ये गाडीतून उतरल्याबरोबर त्याला तो ऐकू आला. तीन डोंगर पलीकडून येणारी भुणभुण, मध्येच वर चढणारी, मध्येच दरीत बुडणारी. गावात कुणी मान वर करत नव्हतं. एक बाई अंगणातली पानं ओढत होती. त्याने नोल्डेनचं घर विचारलं तेव्हा तिने दाताळ्यानेच दाखवलं.

आल्फोन्स नोल्डेन शहात्तर वर्षांचा, रुंद खांद्यांचा माणूस होता. आयुष्यभर छपरांवर स्लेटच्या फरश्या ठोकून त्याची बोटं वाकडी झाली होती. त्याने दार उघडलं, फोल्कमारने आपलं नाव सांगितलं, आणि म्हाताऱ्याने डावा कान पुढे करत ते पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तो बराच वेळ चौकटीला धरून उभा राहिला. नाव त्याला माहीत होतं. दोन वर्षं येणाऱ्या प्रत्येक कागदावर ते होतं. "पाय पुसून या," शेवटी तो म्हणाला. स्वयंपाकघरात गॅसवर वाटाण्याचं सूप होतं. टेबलावर एकच ताट होतं. त्याची बायको लेक गेल्यानंतर काही महिन्यांनी ट्रिअरला बहिणीकडे गेली होती, ती तिकडेच राहिली, हे फोल्कमारला नंतर कळलं. ट्रॅकवर एखादी मोठी गाडी चढ घेई तेव्हा खिडकीची काच बारीक थरथरे.

फोल्कमारने वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यातलं पहिलं त्याने टेबलाकडे पाहत म्हटलं. म्हाताऱ्याने हात कानामागे नेला. "उजव्याने काही ऐकू येत नाही मला. छपरावरच्या ठोकाठोकीने गेला तो. इकडे डावीकडे येऊन बसा, आणि मोठ्याने बोला." मग फोल्कमार उठला, खुर्ची उचलून डावीकडे नेली आणि त्या परक्या स्वयंपाकघरात, आपल्याच कानांना नको वाटेल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाला, "मला आवाज आला होता. पाइप फुटल्याचा. मला कळलं होतं आणि मी थांबलो नाही. पाच किलोमीटर चालवली तशीच." इतकं मोठ्याने ते बोलल्यावर त्याला वाटलं की आता थांबता येणार नाही. आणि ज्या जागेवरून तो दोन वर्षं परत फिरत होता ती जागा समोर आली. तो म्हणाला, "मागे तुमचा मुलगा होता. आरशात त्याचा दिवा दिसत होता. वळणावर जायचा, परत यायचा. त्या उतारानंतर तो आला नाही. तेव्हा मला बरं वाटलं. मला वाटलं, मी त्याला मागे टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला तरी मागे टाकलं होतं."

सूप उतू जायला लागलं. म्हातारा उठला, गॅस बंद केला, झाकण बाजूला केलं आणि पाठमोराच उभा राहिला. फोल्कमार वाट पाहत होता की तो ओरडेल, हाताशी येईल ते फेकेल. ती वाट पाहण्यात एक प्रकारची हाव होती, हेही त्याला त्याच क्षणी कळलं. म्हातारा वळला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण बोलला तो दुसरंच.

"तो निम्मा दोष कुठून आला माहीत आहे तुम्हाला?" तो म्हणाला. "विमावाल्यांचा माणूस इथे आला होता. तुम्ही बसलायत त्याच खुर्चीत बसला होता. मुलगा गाडी कशी चालवायचा विचारलं त्याने. मी म्हटलं, वेड्यासारखी. म्हटलं, त्या दिवशी सकाळीच मी त्याला सांगितलं होतं, की एक दिवस मरशील तू त्या रस्त्यावर. तो हसून गेला. ते सगळं त्या माणसाने लिहून घेतलं, मी सही केली. त्यांनी त्याला निम्मा दोष दिला. मी सगळाच दिला होता."

मग म्हातारा तुटक तुटक सांगत गेला, अर्धं फोल्कमारला, अर्धं खिडकीला. मेलेल्या पोराशी तो दोन वर्षं भांडत होता. सांगितलं होतं ना, सांगितलं होतं ना, हे एवढंच रोज. बायकोला ते ऐकवेना म्हणून ती गेली. दफनाच्या दिवशी तो दफनभूमीच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथून परत आला. त्याला त्या पेटीसमोर उभं राहून रागावायचं नव्हतं, आणि राग सोडून तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. नंतर तो कधी गेलाच नाही. थडग्यावर दिवा शेजारीण लावते, असं तो म्हणाला. नुकत्याच झालेल्या सर्व संतांच्या सणालाही तिनेच लावला असेल. बोलता बोलता तो थांबला आणि फोल्कमारकडे बघून, जणू आताच कुणीतरी घरात आल्याचं लक्षात यावं तसं, म्हणाला, "हे मला सांगून भागणार नाही. मी पोलीस नाही. सोमवारी त्यांना सांगा." फोल्कमार सांगतो म्हणाला. "मोठ्याने," म्हातारा म्हणाला. मग त्याने खुंटीवरचा कोट काढला, एक बाही सापडेना म्हणून थोडा वेळ झटापट केली, आणि गाडी आहे ना, असं विचारलं. त्याचा गुडघा चढाला साथ देत नव्हता.

पुढे जे झालं ते कागदोपत्री आहे. सोमवारी फोल्कमार पोलिसांकडे गेला आणि दुपारी त्याने बोलिंगहाउसबाईंना फोन करून हे निवेदन आहे असं सांगितलं. त्यांनी तारीख विचारून लिहायला सुरुवात केली. खटला झाला, त्याला दंड झाला आणि सहा महिने त्याला गाडी चालवायची बंदी आली. दुकानाची दोन-चार जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. शेजारी बसलेल्याला आवाज ऐकू आला होता का, असं त्याला न्यायालयात विचारलं तेव्हा तो म्हणाला, ते त्यालाच विचारा, आणि हायोने उभं राहून सांगितलं की आपल्याला काही ऐकू आलं नव्हतं. त्या वर्षीच्या नाताळात हायो आला नाही, नंतरही नाही. आनेग्रेटने घर सोडलं नाही. पण तिच्या आवाजातला तो चढ परत आला नाही, आणि एकदा भांडी पुसताना ती म्हणाली की त्या दिवशी कपडे धुताना तो गोड वास कसला हे तिला कळलं होतं, तिच्या वडिलांचं गॅरेज होतं. टिल्मान नोल्डेनवर ठेवलेला दोष काढून टाकल्याचं पत्र वसंतात आलं. त्याची एक प्रत ओबरशाइडला गेली. म्हाताऱ्याने ती मिळाल्याचं कळवलं नाही.

फोल्कमारला मात्र या सगळ्यातून आठवत राहते ती त्या शनिवारची संध्याकाळ. साडेचार झाले होते, उजेड जायला लागला होता. म्हातारा शेजारच्या आसनावर बसला, पट्टा ओढून घेतला, आणि फोल्कमार गावातून पायी चालल्यासारखी गाडी नेऊ लागला. दोन्ही बाजूंना दिवे लागत होते. "जरा जोरात चालवा," म्हातारा म्हणाला. "अंधार पडेल." फोल्कमारने वेग वाढवला. चर्चनंतर रस्ता फुटत होता. म्हाताऱ्याने दिशा दाखवायला हात उचलला होता, पण तोवर गाडी उजवीकडे वळली होती. हात तसाच हवेत राहिला आणि मग सावकाश मांडीवर आला.

दफनभूमीच्या फाटकाशी फोल्कमारने गाडी उभी केली आणि आपण इथेच थांबतो असं सांगितलं. म्हातारा एकटा आत गेला. उतारावर शेकडो तांबडे दिवे काचेच्या नळ्यांत जळत होते, संतांच्या सणाचे, अजून विझले नव्हते. तो पहिल्या ओळीशी वाकला, नाव वाचलं, पुढच्या दगडाशी गेला, पुन्हा वाकला. ओळीच्या टोकाला जाऊन तो थांबला आणि सगळ्या उतारावर नजर फिरवत उभा राहिला, अनोळखी गावात उतरलेल्या माणसासारखा. ट्रॅकवरचा आवाज केव्हातरी बंद झाला होता. फोल्कमार गाडीतून उतरला, आत गेला, आणि त्याच्या डाव्या बाजूला येऊन म्हणाला, "वरची चौथी ओळ. नळाच्या पलीकडे."

पायवाटेवर ओली पानं होती. म्हाताऱ्याने त्याचं कोपर धरलं आणि ते दोघं चढायला लागले, दर चार पावलांनी थांबत. दगड साधा होता, स्लेटचाच. त्यावर नाव आणि दोन तारखा. म्हाताऱ्याने वाकडी बोटं पुढे करून दगडाची कड चाचपून पाहिली. कामाची वस्तू पाहावी तसं, नीट तासली आहे का ते.

"तुम्ही कितीदा आलात इथे?" त्याने विचारलं.

"चारदा."

म्हाताऱ्याने मान हलवली. खाली गावातल्या खिडक्या एकेक करून पिवळ्या होत होत्या. तो तसाच उभा राहिला, थंडी वाढली तरी. फोल्कमारने मागे सरायला पाऊल उचललं, पण कोपरावरची पकड घट्ट झाली, आणि तोही तिथेच उभा राहिला.